बाळाचा श्वास मोजणारे सेन्सर: या चुका टाळा, निदान त्याच त्याच तरी करू नका

दरवर्षी फेब्रुवारी उजाडला की मला प्रोजेक्टवाल्या कॉलेजच्या पोरांचे फोन सुरू होतात. "सर, आम्ही बेबी ब्रीदिंग मॉनिटर बनवतोय, नॉन-इन्व्हेजिव्ह, ॲक्युरसी सत्त्याण्णव टक्के आलीये, फक्त एकदा खऱ्या बाळावर ट्राय करायचंय, तुमच्या ओळखीने एनआयसीयूमध्ये जमेल का?" मी विचारतो, सत्त्याण्णव टक्के कशाच्या तुलनेत? मग पलीकडे एकदम शांतता, मागून कोणीतरी कुजबुजतं, आणि मग उत्तर येतं, "सर, मोबाईलच्या ॲपच्या तुलनेत."

मी बायोमेडिकलवाला माणूस, नवजात बाळांच्या अतिदक्षता वॉर्डातली, म्हणजेच एनआयसीयूतली, मशीनं सांभाळण्यात निम्मं आयुष्य गेलंय. कॉलेजच्या प्रोजेक्टांना बाहेरचा परीक्षक म्हणूनही जातो आणि नात्यातल्या प्रत्येक नव्या आईबाबांचे रात्रीचे फोनही घेतो. तिन्हीकडे चुका त्याच. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवणार.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण निम्म्या चुका इथूनच येतात. यातला जवळजवळ कुठलाच सेन्सर श्वास मोजत नाही. गादीखालची मॅट थरथर मोजते, पोटावरचा पट्टा घेर मोजतो, छातीवरचे इलेक्ट्रोड विजेचा अडथळा मोजतात, पायाचा मोजा रक्ताचा रंग मोजतो, रडार छातीचं एक-दोन मिलिमीटर पुढेमागे होणं मोजतं. नाकाशी लावलेला थर्मिस्टर, म्हणजे तापमानाचा सेन्सर, तेवढा खऱ्या हवेला भेटतो, आणि तोच बाळ सगळ्यात आधी ओढून काढतं. म्हणजे आपण श्वासाची सावली मोजतोय, आणि तशीच सावली दुसऱ्या कशाचीही पडू शकते.

मोठ्या माणसाचा फिल्टर बाळाला लावणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक. नेटवरून कोड उचलायचा, त्यात बँडपास (ठरावीक वेगाच्याच लहरी आत सोडणारा फिल्टर) ०.१ ते ०.५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ०.१ ते ०.५ वेळा, असा लिहिलेला असतो, तो तसाच ठेवायचा, सेन्सर स्वतःच्या पोटावर बांधून हॉस्टेलच्या कॉटवर आडवं व्हायचं, स्क्रीनवर १५ आलं की नाचायचं. अरे बाबा, तू मिनिटाला १५ श्वास घेतोस म्हणजे ०.२५ हर्ट्झ, तू त्या खिडकीत बसतोस. तान्हं बाळ शांत झोपेतही साधारण ४० ते ६० घेतं, म्हणजे ०.७ ते १ हर्ट्झ. ०.५ च्या वरचं सगळं तू कापून टाकलंस म्हणजे बाळाचा श्वासच गाळून फेकलास, आणि उरला तो कचरा.

वाईट भाग पुढे आहे. कोडला सांगितलेलं असतं की या पट्ट्यातलं सगळ्यात उंच शिखर शोध. ते बिचारं शोधतं. शिखर कुठलंतरी असतंच, कचऱ्यातही एक ढीग दुसऱ्यापेक्षा उंच असतोच ना. मग स्क्रीनवर २६ येतं, २८ येतं, छान स्थिर आकडा, आणि पोरं खूष. एफएफटी, म्हणजे सिग्नलमधला सगळ्यात ठळक वेग शोधायचं हे गणित, कधीच "मला माहीत नाही" म्हणत नाही, ते तुम्हाला म्हणायला शिकवावं लागतं.

मी स्वतः ०.३ ते २ ठेवतो. कोणी म्हणेल २ कशाला, बाळाच्या हृदयाचे ठोके १२० ते १६०, म्हणजे २ ते २.७ हर्ट्झ, अगदी दाराशी आले. बरोबर आहे, पण आजारी बाळ ८०-९० नेही श्वास घेतं आणि नेमकं तेच बाळ मला चुकवायचं नाहीये. सँपलिंग, म्हणजे सेकंदाला घेतलेल्या नोंदी, २५-५० पुरे होतं, १००० ने डेटा घेऊन लॅपटॉप तापवण्यात काही शौर्य नाही.

पाळण्यातली बाहुली

एका कॉलेजात परीक्षक म्हणून गेलो होतो. गाव सांगत नाही, पोरं वाचतील आणि लाजतील, खरं तर ती त्या दिवशीची सगळ्यात हुशार टीम होती. अस्सल लाकडी पाळणा आणला होता कोणाच्यातरी आजीकडून, वरती चिमण्यांचं खेळणं, आत बाहुली, बाहुलीच्या झबल्याखाली फुगा, फुग्याला नळी, नळीच्या टोकाला मोठी सिरिंज आणि एक पोरगा ती सिरिंज मोबाईलच्या मेट्रोनोमवर मिनिटाला ४० वेळा दाबतोय. पोटावर एमपीयू ६०५०, म्हणजे हालचाल मोजणारी चिप, तिन्ही अक्षांच्या वर्गांची बेरीज, वर्गमूळ, फिल्टर, आकडा. कल्पना मला खरंच आवडली. फक्त स्क्रीनवर ६० येत होतं.

"सर, थोडा एरर आहे, कॅलिब्रेशनने जाईल." वीसचा एरर कॅलिब्रेशनने जाणार होता.

मी सिरिंजवाल्याला म्हटलं, थांब जरा. तो थांबला. स्क्रीनवर ६०. फुगा पिचकलेला, बाहुली प्लॅस्टिकची, आणि श्वास मिनिटाला ६०, एकदम निरोगी नवजात. टीम एकमेकांकडे बघतेय, कोणी लूज कनेक्शन बघतंय, कोणी बोर्ड रीसेट मारतंय. माझं लक्ष गेलं ते पाळण्याच्या दोरीकडे. टीममधली एक मुलगी सगळ्यांशी बोलता बोलता दोरी हलवत होती. आपल्याकडे पाळण्याची दोरी हातात आली की हात आपोआप चालतो, त्यात तिची काही चूक नाही. म्हटलं, ताई, दोरी सोड. पाळणा थांबला आणि आकडा धाडकन खाली.

हिशोब बघा, गंमत आहे. पाळण्याच्या दोऱ्यांची लांबी साधारण एक मीटर. एक मीटरच्या लोलकाला एक पूर्ण झोका घ्यायला २ सेकंद लागतात, हे नववी-दहावीचं. म्हणजे मिनिटाला ३० झोके. पण यांनी तिन्ही अक्षांची एकत्र बेरीज घेतली होती, आणि झोक्यात दोरीवरचा ताण एका फेरीत दोनदा वाढतो, कारण पाळणा खालच्या टोकातून जाताना एकदा आणि परत येताना एकदा. ३० दुणे ६०. नवजात बाळाच्या नॉर्मल आकड्यावर नेमका येऊन बसतो. देवाने मुद्दाम रचल्यासारखी चूक.

आता विचार करा, हेच यंत्र कोणाच्या घरी गेलं, बाळाचा श्वास अडकला आणि आजी पाळणा हलवतेय, तर यंत्र म्हणणार सगळं उत्तम आहे. झोळीतही तेच, उलट झोळीला लवचीक स्प्रिंग असेल तर वरखाली हलणं वेगळंच.

यावर उपाय म्हणून पोरं लगेच म्हणतात दुसरा सेन्सर पाळण्याला लावू आणि वजा करू. करा, पेपरवर छान दिसतं, पण दोन सेन्सरांचं घड्याळ आणि दिशा जुळवता जुळवता सेमिस्टर संपतं. माझी सवय सोपी आहे आणि थोडी आळशी आहे: हालचाल ठरावीक मर्यादेबाहेर गेली की आकडा दाखवायचाच नाही, एक रेघ दाखवायची. रेघ म्हणजे "आत्ता मला कळत नाहीये." परीक्षकाला रेघ आवडत नाही हे मला माहीत आहे, मीच परीक्षक असतो. तरी दाखवा. आणि कुठल्याही डेमोआधी सिरिंज बंद करून दोन मिनिटं यंत्र तसंच चालू ठेवा. मेलेल्या बाहुलीवर ते जिवंत आकडा दाखवत असेल तर आमच्याकडे येऊ नका.

सरासरी काढून श्वास थांबलेला लपवणे

आईला बाळाचा रेट किती हे नकोय हो, थांबलं का हे हवंय. आणि तुम्ही ३० सेकंदांची खिडकी घेऊन त्यातली मुख्य फ्रिक्वेन्सी दाखवताय. बाळ ५० ने श्वास घेतंय, मध्येच १५ सेकंद थांबलं, परत सुरू झालं, तर तुमच्या खिडकीत उरलेल्या १५ सेकंदांची फ्रिक्वेन्सी अजून ५०च आहे. शिखर बुटकं झालं, जागचं हललं नाही. स्क्रीनवर ५०. श्वास थांबणं पकडायचं असेल तर शेवटच्या श्वासाला किती सेकंद झाली हे एक वेगळं घड्याळ चालवा. दहा ओळींचा कोड आहे. पण तो "मशीन लर्निंग" नाही ना, म्हणून कोणाला लिहायचा नसतो.

मी स्वतः केलेली चूक

पोरांना फार बोललो, आता माझं ऐका. वर्षं झाली याला, हॉस्पिटल कुठलं ते सोडा.

वॉर्डातला मॉनिटर श्वास मोजतो तो ईसीजीच्याच इलेक्ट्रोडांमधून. दोन इलेक्ट्रोडांमधून अगदी बारीक, उच्च फ्रिक्वेन्सीचा करंट सोडतात, बाळाला काही कळत नाही. फुप्फुसात हवा भरली की विजेला अडथळा थोडा वाढतो, सोडली की कमी होतो. "थोडा" म्हणजे शेकडो ओहमच्या मूळ अडथळ्यावर ओहमभर, कधी त्याहूनही कमी. पण प्रत्येक ठोक्याला छातीतलं रक्त हलतं त्यानेही हाच अडथळा बदलतो, तो बदल अजून बारीक. श्वास चालू असताना ती लाट श्वासाच्या लाटेवर बसलेली बारीक सुरकुती असते, कोणी लक्ष देत नाही.

बाळ होतं सातव्या महिन्यात झालेलं, किलोच्या आसपासचं. अशा बाळांना श्वास घ्यायचं विसरायची सवय असते, मेंदूतलं ते केंद्रच अजून कच्चं असतं, वॉर्डात त्याला एपनिया म्हणतात: २० सेकंदांच्या वर थांबलं तर, किंवा त्याहून कमी वेळ थांबलं पण सोबत हृदयाचे ठोके मंदावले किंवा सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, पडलं तर. या बाळाचा मॉनिटर मात्र दर दहा मिनिटांनी खोटा एपनिया ओरडत होता. बाळ बघावं तर व्यवस्थित. कारण सरळ होतं, इलेक्ट्रोड मोठ्या माणसासारखे वर, कॉलरबोनपाशी लावलेले. तान्हं बाळ छातीने नाही, पोटाने श्वास घेतं, वरती फारसं काही हलतच नाही. एक इलेक्ट्रोड खाली, बरगड्यांच्या कडेला, पोट आणि छातीच्या सीमेवर न्यायला हवा होता.

पण चिकटलेला इलेक्ट्रोड काढायचा म्हणजे त्या बाळाची कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी सोबत येते, ज्युनियर डॉक्टर नको म्हणाले, सिस्टर नको म्हणाल्या, आणि मला घरी जायचं होतं. मी शॉर्टकट मारला. श्वासाच्या लाटेची साइज वाढवली, केवढी लाट श्वास म्हणून ओळखायची ती मर्यादा खाली आणली. अलार्म गप्प. सगळे खूष, मला चहा मिळाला.

तिसऱ्या रात्री दुसऱ्याच कामासाठी, एका सिपॅपचा (श्वासाला हवेचा दाब देणाऱ्या मशीनचा) कॉम्प्रेसर आवाज करत होता म्हणून, मी तिथेच होतो. नवीन सिस्टर आली, म्हणाली, "सर, त्या बेडचा सॅच्युरेशनचा प्रोब खोटा बोलतोय, बदलून द्या ना, आरआर तर चांगला येतोय." आरआर म्हणजे मिनिटाचे श्वास, आणि प्रोब म्हणजे ऑक्सिजन मोजणारा सेन्सर. मी प्रोब शोधायला वळलो. तेवढ्यात इनचार्ज सिस्टर आल्या, त्यांनी मॉनिटरकडे बघितलंसुद्धा नाही, इनक्युबेटरच्या खिडकीतून हात घातला, बाळाच्या पोटाकडे बघितलं आणि तळपायाला टिचकी मारली. एकदा, दुसऱ्यांदा. बाळाने अंग आवळलं, मोठा श्वास घेतला. मग त्यांनी मला बोलावलं आणि स्क्रीनवरचे मागचे आकडे दाखवले. हार्ट रेट ९४, आरआर ९४. त्याच्या आधी ११०, ११०. दोन्ही आकडे हातात हात घालून उतरत होते.

श्वास थांबला होता. श्वासाची लाट गेली, उरली ती ठोक्यांची सुरकुती, आणि मी मोठी करून ठेवलेल्या साइजमुळे मॉनिटरला ती सुरकुती श्वास वाटली. आरआर शंभरच्या पुढे गेल्याचा तरी अलार्म यायला हवा होता, पण वरची लिमिट कोणीतरी कंटाळून १५० वर नेऊन ठेवली होती. म्हणजे दोन कंटाळलेली माणसं मिळून एक पूर्ण बहिरा मॉनिटर तयार होतो. सिस्टर मला काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "सर, इलेक्ट्रोड आता मी बदलते, तुम्ही साइज होती तिथे आणा." मी आणली.

त्या दिवसापासूनच्या माझ्या सवयी: आरआर आणि हार्ट रेट सारखे किंवा जवळजवळ सारखे दिसले की आधी बाळाचं पोट बघायचं, मग बाकीचं. ओळखायची मर्यादा ऑटोवर सोडायची नाही, बाळ शांत श्वास घेत असताना ट्रेस बघून हाताने लावायची. खोटा अलार्म येत असेल तर आधी इलेक्ट्रोडची जागा, मग इलेक्ट्रोड सुकलाय का, मग लीडची वायर, आणि सेटिंगला हात सगळ्यात शेवटी. कातडीची भीती रास्त आहे, पण त्यासाठी कडा ओल्या करून हळूहळू सोडवायचा वेळ द्यावा लागतो, मी तो वाचवायला गेलो होतो.

आणि एक, हे इलेक्ट्रोड नीट लावले तरी एक प्रकार त्यांना दिसतच नाही. घशाशी रस्ता बंद झाला, मान पुढे वाकली, नाक चोंदलं, तर बाळ छाती-पोट हलवत राहतं, हवा मात्र आत जात नाही. इलेक्ट्रोड म्हणतात श्वास चालू, मॅट म्हणते चालू, रडार म्हणतं चालू. छातीला एक आणि पोटाला एक असे दोन पट्टे असतील तर छाती आत आणि पोट बाहेर अशी उलटसुलट चाल दिसते, त्यावरून शंका येते. नाहीतर सॅच्युरेशन पडेपर्यंत वाट बघा. म्हणून हालचालीचा एक सेन्सर आणि ऑक्सिजनचा एक, अशी जोडी लागते, एकट्यावर भिस्त ठेवणारे प्रोजेक्ट मी पहिल्या पानावरच बंद करतो.

पल्स ऑक्सिमीटरला श्वासाचा सेन्सर समजणे

तो नाहीये. श्वास थांबल्यावर ऑक्सिजन पडायला वेळ लागतो, त्यात मशीन काही सेकंदांची सरासरी काढतं, म्हणजे बातमी येते ती शिळी. सरासरीचा वेळ वाढवला की खोटे अलार्म कमी होतात आणि खरे छोटे डिप्सही गायब होतात, यात फुकट काही मिळत नाही. काविळीचं बाळ निळ्या लाइटखाली असेल तर प्रोबवर जाड कापड टाका, बाहेरचा उजेड आत शिरतो. पाय थंड असेल तर आधी पाय गरम करा, मशीनला शिव्या नंतर. आणि सावळ्या कातडीवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. २०२० मध्ये अमेरिकेत मोठ्या माणसांवरच्या अभ्यासातून हे परत गाजलं. आपण सगळे कुठल्या रंगाचे आहोत ते बघा आणि ९२-९३ ला निवांत राहू नका.

बाकीच्या चुका पटापट सांगतो, प्रत्येकीवर अर्धा तास बोलू शकतो पण नको.

तेल लावून न्हाऊ-माखू घातलेल्या बाळाला लगेच इलेक्ट्रोड चिकटवायला जाऊ नका, पावडरीवरही चिकटत नाही. मॅटच्या वर जाड मेमरी फोमची गादी टाकली की थरथर गादीच गिळते, मॅटखाली सपाट कडक फळी लागते. कूलर, टेबलफॅन, शेजारचं वॉशिंग मशीन, सगळं मॅटला बाळच वाटतं. बाळ आईशेजारी झोपलं असेल तर मॅट आणि रडार दोघंही आईचा श्वास मोजतील, आणि आईचा सहसा जास्त ठळक असतो. कॅमेऱ्याने श्वास बघायचा आणि बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, मग कॅमेरा दुपट्याचा अभ्यास करतो. पट्टा घट्ट केला की सिग्नल सुंदर येतो, कारण तुम्ही बाळाचं पोट दाबताय, म्हणजे जे मोजायचं तेच बिघडवताय, पट्ट्याखाली बोट सहज जायला हवं. बाळाच्या गळ्याजवळून कुठलीही वायर न्यायची नाही. लिथियमची बॅटरी अंगाला लागून ठेवायची नाही. यावर चर्चा नको.

मॉनिटर आहे म्हणून निर्धास्त होणे

आता आईबाबा. माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात असते, बाळ तीन आठवड्यांचं असताना तिचा फोन, रडवेली. "दादा, मॅट रात्रीतून तीनदा बोंबलली. आणि मी स्वतः बघितलं, ती सात-आठ सेकंद श्वासच घेत नाही, मग भराभरा घेते." मी म्हटलं, व्हिडिओ चालू कर आणि मोबाईल स्थिर धर. बघितलं, बाळ गुलाबी, गाढ झोपलेलं, पाच-सात सेकंद थांबायचं, मग धावल्यासारखे श्वास, मग परत थांबायचं. याला पिरियॉडिक ब्रीदिंग म्हणतात, पहिल्या काही महिन्यांत निरोगी बाळंही असं करतात. आणि मॅटचं काय? तीनदा बोंबलली ती तिन्ही वेळा हिने बाळाला पाजायला उचललं होतं आणि मॅट बंद करायची राहिली होती. रिकाम्या गादीवर श्वास नाही, मॅटचं बरोबरच होतं बिचारीचं.

यामागे एक जुनी आणि भीषण गोष्ट आहे. घरी श्वासाचा मॉनिटर लावला की झोपेतले अचानक मृत्यू टळतील ही समजूत पसरली ती १९७२ मधल्या अल्फ्रेड स्टाइनश्नायडर यांच्या एका पेपरमुळे. पाच बाळांवरचा पेपर, त्यातली दोन एकाच घरातली, दोघं दगावलेली. निष्कर्ष असा की श्वास थांबण्याची खोड घराण्यात असते. त्यावर घरगुती मॉनिटरचा सगळा धंदा उभा राहिला. पुढे १९९५ मध्ये त्या दोन बाळांच्या आईला, वनीटा हॉइटला, न्यूयॉर्क राज्यात स्वतःची पाच मुलं मारल्याबद्दल शिक्षा झाली. त्या मुलांचा श्वास आपोआप थांबलेला नव्हता. मग २००१ मध्ये अमेरिकेतच हजारावर बाळांना घरी मॉनिटर लावून मोठा अभ्यास झाला, तर ४१ टक्के बाळांच्या मॉनिटरवर कधी ना कधी अलार्मच्या मर्यादेबाहेरची नोंद झाली, धडधाकट बाळंसुद्धा त्यात आली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणूनच सांगते की अचानक मृत्यूचा धोका कमी करायला घरी मॉनिटर वापरू नका. कमी दिवसांच्या बाळाला डॉक्टरांनी स्वतः लिहून दिला तर ती गोष्ट वेगळी.

पायमोज्यांचंही तेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने, आउलेट कंपनीला स्मार्ट सॉकबद्दल वॉर्निंग लेटर पाठवलं, की हे वैद्यकीय उपकरण आहे आणि तुम्ही मंजुरी घेतलेली नाही. कंपनीने तिथली विक्री थांबवली, पुढे २०२३ मध्ये त्यांच्याच ड्रीम सॉक या मोज्याला रीतसर मंजुरी मिळाली. आपल्याकडे ऑनलाइन मिळणाऱ्या दोन-तीन हजारांच्या बिननावाच्या मोज्यांना कोणी काय विचारलंय ते तुम्हीच डबा उलटा करून बघा.

मला राग येतो तो यंत्राचा नाही, यंत्र आल्यावर लोक जे सोडून देतात त्याचा. "मॉनिटर आहे ना," म्हणून बाळाला पालथं झोपवतात. "मॉनिटर आहे ना," म्हणून डोक्याखाली मोहरीची उशी, बाजूला दोन लोड, वर गोधडी. बाळ पाठीवर, कडक सपाट गादीवर, तोंडाजवळ मऊ काही नाही, घरात कोणी सिगारेट ओढत नाही, याने जेवढं राखलं जातं तेवढं कुठल्याच सेन्सरने नाही.

आणि श्वास मोजायचा असेल तर डोळ्यांनी मोजायला शिका. बाळ शांत असताना, पोट बघून, पूर्ण ६० सेकंद. १५ सेकंद मोजून चारने गुणणारे मला भेटले की हात शिवशिवतात, कारण तेवढ्यात बाळाचा तो पाच-सात सेकंदांचा थांबा आला तर आकडा निम्मा येतो, आणि नेमका धावण्याचा तुकडा पकडला तर न्यूमोनिया झाल्यासारखा येतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा ६० किंवा त्याहून जास्त आला तर परत एकदा मोजा, परत तसाच आला तर डॉक्टर गाठा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तर फार पुढपर्यंत मोजता न येणाऱ्या दायांसाठी ब्रेथ काउंटर काढला होता, एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. ना बॅटरी, ना ॲप. आमच्या पोरांना मी तो आवर्जून सांगतो, ती नम्रपणे ऐकतात आणि परत ब्लूटूथकडे वळतात.

मोजत बसायचं नाही अशा वेळाही सांगून ठेवतो: ओठ किंवा जीभ निळी-राखाडी पडली, बाळ ढिलं पडलं, २० सेकंद श्वासच नाही, प्रत्येक श्वासाला कण्हतंय, बरगड्यांखालची जागा खोल आत ओढली जातेय, दूध ओढायचं बंद केलंय. यातलं काहीही दिसलं की ॲप उघडू नका, व्हॉट्सॲपवर मला व्हिडिओ पाठवू नका. श्वास दिसत नसेल तर तळपाय चोळा, मदतीला हाक मारा आणि निघा.

राहिला फेब्रुवारीतला प्रश्न, खऱ्या बाळावर ट्राय करायचंय त्याचा. माझी ओळख चालत नाही, कोणाचीच चालू नये. एथिक्स कमिटीची परवानगी लागते, आईबाबांची लेखी संमती लागते आणि वॉर्डातला मॉनिटर त्या वेळी बाळाला लावलेलाच असावा लागतो, तुमचं यंत्र फक्त शेजारी बसून बघणार. तोवर मी त्यांना एक गृहपाठ देतो: घरातल्या कोणाचं तरी तान्हं बाळ झोपलेलं असताना एक मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि हाताने श्वास मोजा. यावर्षी चौघांपैकी एकानेच केला. फोन करून म्हणाला, "सर, मी मोजले तर ४३ आले, बहिणीने त्याच व्हिडिओवर मोजले तर ४७, मग ॲक्युरसी काढायला यातला बरोबर कुठला धरू?" मी म्हटलं, दोन्ही लिहून ठेव आणि आता आईला मोजायला सांग.